अर्धी, पूर्ण, दुप्पट, पाचपट: प्राचीन हिब्रू कायद्यात नुकसानभरपाई कशावर ठरायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बायबलच्या जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाचे एकविसावा आणि बाविसावा हे अध्याय वाचताना तुम्हाला भरपाईचे पाच-सहा वेगवेगळे दर सापडले. बैलाने दुसऱ्याचा बैल मारला तर निम्मी-निम्मी वाटणी. आग पसरून पीक जळलं तर पूर्ण भरपाई. चोरलेलं जनावर जिवंत सापडलं तर दुप्पट, मेंढरू कापलं किंवा विकलं तर चौपट, बैल असेल तर पाचपट. पुढे लेवीय या पुस्तकात मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा. या सगळ्याच्या मधोमध 'डोळ्याबद्दल डोळा'. तुम्ही विचारता, यामागे काही सूत्र आहे की निरनिराळ्या काळातले नियम एकत्र शिवलेत? आणि मुळात हा बदल्याचा कायदा की भरपाईचा?

सूत्र आहे. नुकसान करणाऱ्याला आधी काय माहीत होतं आणि नुकसान झाल्यावर तो कसा वागला, यावर दर ठरतो. गेलेल्या वस्तूची किंमत हा हिशेबाचा पाया, पण त्या किमतीचा निम्मा द्यायचा की पाचपट, हे माणसाच्या वागण्यावरून ठरतं.

मात्र आपण कुठल्या थराबद्दल बोलतोय हे आधी ठरवावं लागेल, कारण उत्तर त्यावर अवलंबून आहे. निर्गममधले नियम अगदी त्रोटक आहेत, एकेका ओळीचे. त्यांवर कित्येक शतकं चर्चा होऊन इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना हा संग्रह सिद्ध झाला. त्यातला 'बावा कम्मा' हा दहा अध्यायांचा भाग मुख्यतः नुकसान आणि चोरी यांबद्दल आहे. मिश्नावरची पुढची चर्चा तालमूदात येते. मी हे ग्रंथ शिकवते, आणि वर्गात आधी नुसतं निर्गम वाचायला लावते, मिश्ना मिटून ठेवून. नाहीतर नंतरच्या पंडितांची उत्तरं आपण मूळ ओळीत वाचू लागतो. अजून एक व्यावहारिक सूचना: मराठी बायबलात जे २२:१ आहे ते हिब्रू प्रतींत २१:३७ असतं आणि तिथून पुढे सगळा अध्याय एका ओळीने मागे-पुढे होतो. खाली मी मराठी बायबलचे क्रमांक देते.

सुरुवात बैलापासून करू, कारण सगळा विचार तिथेच उलगडतो. निर्गम २१:३५ सांगतं: एकाच्या बैलाने दुसऱ्याच्या बैलाला मारलं आणि तो मेला, तर जिवंत बैल विकून पैसे वाटून घ्यावेत आणि मेलेलाही वाटून घ्यावा. हाच नियम एश्नुन्ना या मेसोपोटेमियातल्या राज्याच्या कायद्यात जवळपास तसाच आढळतो. त्या कायद्याच्या मातीच्या पाट्या १९४० च्या दशकात बगदादजवळ तेल हरमल इथल्या उत्खननात मिळाल्या, आणि तो हिब्रू ग्रंथाहून शेकडो वर्षं जुना आहे. म्हणजे बैलाची वाटणी ही त्या सगळ्या मुलखाची जुनी रीत होती. इस्राएलने ती उचलली आणि आपल्या कायद्यात बसवली.

हिशेब करून बघा. दोन्ही बैल २०० झुझचे (झुझ हे चांदीचं नाणं) आणि मेलेल्या जनावराचे ५० मिळतात. जिवंत बैलाचे शंभर-शंभर, मेलेल्याचे पंचवीस-पंचवीस. ज्याचा बैल मेला त्याच्या हाती १२५ आले. त्याचं खरं नुकसान १५० होतं, त्यातलं ७५ भरून निघालं, ७५ त्याने सोसलं. बरोबर निम्मं. पण आता मारणारा बैल १००० झुझचा धरा आणि मेलेला १०० चा, त्याच्या मढ्याचे २० येतात. अक्षरशः वाटणी केली तर ज्याचा शंभराचा बैल मेला त्याला ५१० मिळतील. बैल मेला म्हणून तो श्रीमंत होईल, आणि हे कुणालाच न्याय वाटणार नाही. म्हणून मिश्नाचे पंडित म्हणतात, ती ओळ दोन सारख्या किमतीच्या बैलांची आहे (२०० आणि ५० चं वरचं उदाहरण त्यांचंच आहे), आणि तिच्यातून घ्यायचा नियम असा: झालेल्या नुकसानीच्या निम्मं द्यायचं. तेही फक्त त्याच बैलाच्या किमतीतून. मारणारा बैल वीसच झुझचा असेल तर तो बैल घेऊन गप्प बसायचं, मालकाच्या बाकीच्या मिळकतीला हात लावता येत नाही.

निम्मंच का? चौथ्या शतकातल्या बाबेलच्या (बॅबिलोनच्या) दोन पंडितांचा यावरचा वाद मला फार मोलाचा वाटतो. रव पापा म्हणतो, बैल स्वभावतःच आवरलेला नसतो, तेव्हा मालकाने खरं तर पूर्ण द्यायला हवं होतं, पण त्याच्या बैलाने याआधी कधी शिंग उगारलं नव्हतं म्हणून शास्त्राने त्याच्यावर दया केली. यहोशुआचा मुलगा रव हूना उलट टोकाने येतो: साधा बैल आवरलेलाच समजायचा, मालकाला काही कल्पनाच नव्हती, तेव्हा त्याने काहीच द्यायला नको होतं. तरी शास्त्राने त्याला निम्मा दंड लावला, पुढे त्याने बैल सांभाळावा म्हणून. एकाच आकड्याकडे दोघं दोन बाजूंनी पोचतात. एकाच्या हिशेबी ती सवलत मिळालेली भरपाई, दुसऱ्याच्या हिशेबी तो दंड. तालमूदाचा कौल शेवटी दुसऱ्या बाजूने पडला, आणि त्याचा परिणाम काय झाला ते शेवटी सांगते.

आता पुढची ओळ, २१:३६. बैल मारका आहे हे आधीच ठाऊक होतं आणि मालकाने त्याला आवरलं नाही, तर बैलाला बैल. पूर्ण भरपाई, आणि ती मालकाच्या सगळ्या मिळकतीतून. नुकसान तेवढंच, बैलाची शिंगं तीच. बदललं ते मालकाला असलेलं ज्ञान. मिश्ना विचारते, बैल मारका ठरतो कधी? रब्बी यहूदा सांगतो, तीन दिवस त्याच्याविरुद्ध साक्ष झाली की. रब्बी मेईर सांगतो, तीन वेळा झाली की. तालमूद यात भर घालतं की ही साक्ष मालकाच्या आणि न्यायसभेच्या समोर व्हायला हवी. गावात कुजबुज होती एवढं पुरत नाही. मालकाला तोंडावर सांगितलेलं असलं पाहिजे, मगच तो अर्ध्यावरून पूर्णावर जातो. आणि मारका ठरलेला बैल पुन्हा साधा ठरू शकतो. रब्बी मेईरची कसोटी अशी: लहान मुलं त्याला हात लावतात, कुरवाळतात आणि तो मारत नाही, म्हणजे तो सुधारला. मला ही कसोटी फार आवडते, कारण ती गोठ्यात उभं राहून बनवलेली आहे. रब्बी एलिएजर मात्र एवढा आशावादी नाही. अशा बैलाला सुरीशिवाय दुसरी राखण नाही, असं तो म्हणतो.

माणसाला ही अर्ध्याची सवलत कधीच नाही. मिश्नाचा नियम आहे की माणूस नेहमीच ताकीद मिळालेला समजायचा: चुकून असो वा जाणूनबुजून, जागा असो वा झोपेत. तुम्ही झोपेत कूस बदलताना शेजाऱ्याचं भांडं फोडलं तर पूर्ण किंमत द्या.

खड्डा, चराई आणि आग यांना हीच दृष्टी लागू होते. खड्ड्याचं थोडक्यात सांगते: खणला किंवा उघडा टाकला आणि बैल-गाढव पडलं तर पैसे भरायचे. नीट झाकला असेल तर नाही. दोघा भागीदारांचा खड्डा असेल, पहिला जवळून गेला आणि त्याने झाकला नाही, मग दुसराही तसाच गेला, तर दुसरा जबाबदार.

चराईचा नियम जास्त बारकाईने बघण्यासारखा आहे. जनावर दुसऱ्याच्या शेतात सुटलं आणि चरलं तर मालकाने 'आपल्या शेतातलं आणि मळ्यातलं उत्तम' द्यावं, असं २२:५ म्हणतं. पण किती? शेतीच्या घरातले विद्यार्थी इथे लगेच सावध होतात. जनावर एका कोपऱ्यात शिरलं की शेतमालक सांगणार, सगळ्यात भरलेला कोपरा नेमका तोच होता. जनावराचा मालक सांगणार, तिथे तर काही उगवलंच नव्हतं. मिश्नाचा उपाय असा: तेवढ्या खाल्लेल्या तुकड्याची किंमत करायची नाही. एक सआ (धान्याचं माप) बी पेरता येईल एवढी जमीन धरायची, म्हणजे आपले साधारण पाच-सहा गुंठे, आणि विचारायचं की हा तुकडा विकायला काढला असता तर चरण्याआधी काय भाव आला असता आणि आता काय येईल. फरक तेवढी भरपाई. मोठ्या तुकड्याबरोबर किंमत केली की दोन्हीकडचा फुगवटा आपोआप उतरतो. रब्बी शिमोन याला एक अपवाद जोडतो: पिकलेलं खाल्लं असेल तर हा हिशेब नको, एक सआ धान्य खाल्लं तर एक सआ, दोन खाल्लं तर दोन. पिकलेल्या धान्याला मोजमाप आहे, मग अंदाज कशाला?

तेच जनावर भर रस्त्यात कुणाच्या फळांना तोंड लावतं तेव्हा काय? रस्ता सगळ्यांचा, जनावराने तिथून जाणं गैर नाही, आणि माल रस्त्यात मांडणाऱ्याला ते माहीत होतं. तिथे मालक फक्त स्वतःचा जेवढा फायदा झाला तेवढं देतो, म्हणजे त्या दिवशीचा वाचलेला चारा. दुकानाच्या दारात तोंड घातलं तरी तेच. दुकानाच्या आत शिरून खाल्लं की मात्र पूर्ण नुकसान. उंबरठ्याच्या अलीकडे एक दर, पलीकडे दुसरा.

आगीबद्दल २२:६ म्हणतं, आग काट्याकुट्यांना लागून सुड्या, उभं पीक किंवा शेत जळालं, तर ज्याने पेटवली त्याने भरून द्यावं. मग प्रश्न येतो, कुठवर? मिश्ना सांगते, आग चार हात उंच कुंपण, सार्वजनिक रस्ता किंवा नदी ओलांडून गेली तर पेटवणारा सुटतो, कारण एवढी ती उडेल असं त्याने धरायला नको होतं. स्वतःच्या रानात पेटवताना बांधापासून किती अंतर सोडायचं यावर रब्बी एलिएजर सोळा हात म्हणतो, रब्बी अकिवा पन्नास, आणि रब्बी शिमोन म्हणतो, आग केवढी आहे त्यावर. मला शिमोनचं पटतं, कारण ठरावीक अंतर वाऱ्याचा विचार करत नाही. मिश्नाच्या याच अध्यायात जवसाच्या धाग्यांनी लादलेल्या उंटाचा दाखला आहे. उंट गल्लीतून जाताना ओझं दुकानात घुसलं, दिव्याला लागलं आणि इमारत पेटली, तर उंटवाला भरणार. दुकानदाराने दिवा बाहेर ठेवला असेल तर दुकानदार भरणार. रब्बी यहूदा म्हणतो, तो हनुक्काचा (यहुदी दिव्यांच्या सणाचा) दिवा असेल तर दुकानदार सुटला, कारण तो बाहेर लावण्याचाच असतो.

इथवर सगळं निष्काळजीपणाचं. यात कुठेही नुकसानीपेक्षा जास्त घेतलेलं नाही, हे लक्षात ठेवा. पूर्ण हीच वरची मर्यादा.

चोरीत ही मर्यादा ओलांडली जाते, कारण तिथे हेतू आहे. जनावर चोराकडे जिवंत सापडलं तर दुप्पट: मूळ जनावर परत आणि तेवढंच आणखी, म्हणजे त्याला जे नुकसान करायचं होतं ते त्याच्याच पदरी. कापलं किंवा विकलं असेल तर परत करण्याची वाट त्याने स्वतः बंद केली, म्हणून मेंढराला चौपट, बैलाला पाचपट. बैलाला एक जास्त का, याची तालमूदात दोन उत्तरं आहेत. रब्बी मेईर म्हणतो, बैल चोरला की मालकाचं काम थांबतं, मेंढराला काम नसतं. योहानान बेन जक्काई म्हणतो, बैल स्वतःच्या पायांनी चालत गेला, पण मेंढरू चोराला खांद्यावर वाहून न्यावं लागलं. त्या अपमानाची शास्त्राने दखल घेतली आणि एक पट कमी केली. दावीद राजाला नाथान संदेष्ट्याने गरिबाची एकुलती मेंढी मारून खाणाऱ्याची गोष्ट सांगितली, तेव्हा रागाच्या भरात दावीद उच्चारतो तो दरही चौपटच आहे (२ शमुवेल १२). नीतिसूत्रांत सातपट येतं, पण ते काव्य आहे, त्यावरून दर काढू नका.

बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या संहितेत हेच बघा. देवळाचं किंवा राजवाड्याचं जनावर चोरलं तर तीसपट, सामान्य माणसाचं असेल तर दहापट, आणि देण्याची ऐपत नसेल तर मृत्यू. निर्गममध्ये मालकाच्या दर्जाप्रमाणे पट बदलत नाही आणि मालमत्तेच्या चोरीला मृत्युदंड नाही. पण हे सांगून मी थांबत नाही, कारण पुढची ओळ कठोर आहे: चोराजवळ काही नसेल तर चोरीपायी त्याला विकावं (२२:३). पंडितांनी ते आकसवलं. फक्त मुद्दलासाठी विकायचं, दुप्पटीच्या दंडासाठी नाही, आणि इस्राएली दासाची मुदत सहा वर्षांची. तरी विकणं ते विकणंच. तसंच मारक्या बैलाने दुसऱ्याचा दास मारला तर त्याच्या धन्याला ३० शेकेल (चांदीचं वजन) द्यायचे (२१:३२). तिथे माणसाचीच किंमत केलेली आहे. हा कायदा समजून घेताना ही जागा झाकून ठेवू नये असं मला मनापासून वाटतं.

आता मुद्दल आणि पाचवा हिस्सा. लेवीय ६ मध्ये माणसाने ठेव बुडवली किंवा लुबाडलं, वर खोटी शपथही वाहिली, आणि मग त्याला अपराधाची जाणीव झाली. पकडला जाऊन दुप्पट भरायची वेळ त्याच्यावर आलेली नाही. तो मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा देतो आणि मेंढ्याचं दोषार्पण (अपराधाबद्दल वेदीवर वाहायचं अर्पण) आणतो. १०० शेकेलचे सरळ वाचनाने १२०. पंडित मात्र हा पाचवा हिस्सा अंतिम रकमेचा धरतात, म्हणून त्यांच्या हिशेबी १२५. कबुलीला इतकी सूट का? घेणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला ठाऊकच नाही अशा गोष्टीत पैसे परत यायचे तर कबुलीची वाट मोकळी ठेवावी लागते, असं मी याचं कारण समजते. याच विचाराने पंडितांनी आणखी एक सोय केली: चोरलेला वासा कुणी घरात बसवून टाकला असेल तर घर पाडायचं नाही, त्याची किंमत द्यावी.

क्रम मात्र पक्का आहे. मिश्ना म्हणते, दोषार्पण आधी आणलं आणि पैसे नंतर, तर ते अर्पण लागू नाही. आधी शेजाऱ्याचे पैसे, मग वेदी. धनी मेला असेल आणि जवळचा वारस नसेल, तर गणना ५:८ प्रमाणे रक्कम याजकाकडे जाते. घेणाऱ्याच्या खिशात ती कोणत्याही परिस्थितीत राहत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय 'कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो' म्हणतो, तेव्हा तो आपणहून कबूल करणारा आहे. त्याला पाचवा हिस्सा पुरला असता, पण त्याने मेंढरू कापणाऱ्या चोराचा दर स्वतःला लावला.

राहिला 'डोळ्याबद्दल डोळा'. लेवीय २४:१८ काढून बघा: जो जनावर मारतो त्याने ते भरून द्यावं, 'जिवाबद्दल जीव'. इथे याचा अर्थ त्या माणसाचा किंवा त्याच्या जनावराचा जीव घ्यावा असा होऊच शकत नाही, कारण 'भरून द्यावं' त्याच वाक्यात आहे. म्हणजे या धाटणीचे शब्द बरोबरीची भरपाई दाखवायलाही वापरले जात. मूळ काळात माणसाच्या डोळ्याबाबत ते अक्षरशः पाळलं जाई की नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मिश्नापर्यंत येईतो मात्र निकाल स्पष्ट आहे: माणसाला जखमी केलं तर पाच रकमा द्यायच्या. नुकसान, वेदना, औषधोपचार, बुडालेलं काम आणि अपमान. त्या दिल्यावरही जखमी माणसाकडे क्षमा मागेपर्यंत त्याला माफी नाही.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर 'भरपाईचा कायदा' असं आहे, आणि पहिल्याला 'दोन्ही खरं'. नियम वेगवेगळ्या काळातले आहेत, काही तर शेजारच्या मुलखातून आलेत, पण ते ज्यांनी एकत्र ठेवले त्यांनी अजाण, बेफिकीर, हेतुपुरस्सर आणि पश्चात्तापी या चार अवस्थांचं भान ठेवलं.

आणि तो अर्ध्याचा वाद. अर्धी भरपाई हा दंड आहे असं एकदा ठरल्यावर ती वसूल करण्याचा अधिकार फक्त इस्राएलच्या भूमीतल्या, परंपरेने दीक्षित न्यायाधीशांना उरला. बाबेलच्या न्यायसभांना पूर्ण भरपाईचे रोजचे खटले चालवता येत, पण साध्या बैलाचं निम्मं देववता येत नसे. मग बाबेलमध्ये ज्याचा बैल मेला त्याने काय करायचं? तालमूद दोन वाटा सांगतं. त्याने मारणाऱ्या बैलाचं दावं आधीच स्वतःच्या हातात घेतलं असेल तर त्याच्याकडून तो काढून घ्यायचा नाही. नसेल तर त्याने समोरच्याला इस्राएलच्या भूमीत खटल्याला चल म्हणावं, न्यायसभा तारीख लावून देईल, आणि समोरचा गेला नाही तर त्याला वाळीत टाकलं जाईल.